गो, नो-गो

निनाद सुटीवर आला तेव्हा
तर्री-पोह्याच्या बशीत त्यानं मला समुद्र दाखवला.
मधला लिंबाचा काप म्हणजे त्याचं विमानवाहू जहाज,
तर्रीतले हरभरे दुसऱ्यांचे.
"त्यांची सगळी नेव्ही," म्हणाला,
"आमच्या एका डेकवर मावेल."
मी हसले. तो नाही.

मी समुद्र एकदाच पाहिलाय,
तो भरती झाला त्या वर्षी, चपला हातात धरून.
बाकी जन्म झिरो माइलच्या आसपास,
जिथून कुठलाच किनारा जवळ नाही.

"आई, बुडवाले नाही लागत तिले,"
लिंबाला चमच्यानं टोचत म्हणाला.
"डेकवर एक भोक पडलं,
उतरत्या विमानाला धरणारी तार तुटली,
की वर गेलेल्यांनी उतरायचं कुठं?
म्हणून आम्ही लांब उभे राहतो.
एवढे लांब, की मग आमची विमानंच पोचत नाहीत."
लिंबू सरकवत सरकवत त्यानं काठाला नेलं.
"आणि हे बसतात कोळ्यांच्या होड्यांत मिसळून.
कोण मासे धरतंय, कोण आम्हाला, सांग."

एकटे असता का रे?
नाही, भोवती सात-आठ जहाजं, खाली पाणबुडी,
वर घारीसारखं फिरतं हेलिकॉप्टर.
एवढे सगळे कशाला?
तिला जपायला.
मग ती कशाला?
त्यानं पोहे संपवले.

"सापडायला पण पाहिजे ना," हात धुताना म्हणाला,
"अर्ध्या तासानं आम्ही तिथं नसतोच."
माझ्यासाठी म्हणाला. कळतं मला.

माझे बाबा एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते.
भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायचे.
तेवढं मोठं काही बंद पडेल
असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.
कुण्या मोठ्यानं पाडलीही नाही ती.
पत्र्याच्या शेडी, चार-चार माग, एक बल्ब,
रात्रभर खटखट.
बाबा म्हणायचे, उंदरांनी हत्ती खाल्ला.
मग थोडं थांबून,
उंदीर पण कोष्टीच होते, आपलेच.

मी हिंगण्याला, एमआयडीसीत, तपासणीच्या टेबलावर.
बारक्या क्षेपणास्त्राच्या शेपटीतली कडी,
बांगडीहून लहान.
सोडतात म्हणे होडीवरून, मोठ्या जहाजावर
किंवा दुसऱ्या होडीवर, जे समोर येईल.
दोन गेज. गो आत गेला पाहिजे,
नो-गो अडला पाहिजे.
मधे दोन शतांश मिलिमीटर.
दिवसाला एकशे चाळीस कड्या.
धकाते साहेब नव्या पोरांना सांगतात,
नंदनवार बाईंच्या टेबलावरून वाईट माल जात नाही.

परवा एका कडीत नो-गो आत गेला,
आपलंच घर असल्यासारखा.
लाल डब्यात टाकली
आणि हात तिथंच राहिला.

त्या दुसऱ्या किनाऱ्यापासून खूप आत,
एखाद्या कोरड्या गावात असेल कुणीतरी,
समुद्र एकदाच पाहिलेली.
तिच्या टेबलावरची कडी माझ्या लिंबासाठी.
वाटलं, तिचा डोळा लागावा.
तिचा गेज झिजलेला असावा.
तिनं म्हणावं, जाऊ दे, चालते.

आणि लाज वाटली.
देवाची नाही, कामाची.
एक धागा तुटला तर बाबा माग थांबवायचे,
पगार कापला जायचा तरी.

तिलाही असेल एखादा,
हरभऱ्याएवढ्या होडीत,
सुटीवर आला की बशीत काहीतरी मांडून दाखवणारा.
त्याच्याकडे लिंबू कुणाचं असतं कोण जाणे.

पाळी संपताना सेलोकर डबा न्यायला आला.
"किती बाई आज?"
अकरा, म्हटलं.

त्यातली एक बरोबर होती.