रकाना

सिएनाच्या कचेरीत कारकुनानं मान वर न करता विचारलं,
नाव?
ओर्तेन्सिया. पोम्पिलिओची विधवा.
गाव?
चेर्रेतो. डोंगरातलं. खाली नेरा नदी, वर आम्ही,
मध्ये शेळ्यांनासुद्धा विचार करायला लावणारी वाट.
धंदा?

तिनं डबी टेबलावर ठेवली.
बदकाची चरबी, मेण, रोझमेरी,
आणि एक जिन्नस जो ती कुणालाच सांगत नाही,
कारण तो नाहीच.

कारकुनानं डबीचा वास घेतला, टाक बुडवला,
रकान्यात एक शब्द लिहिला.
काय लिहिलंत?
चार्लातानो.

शिवी नव्हती ती. अजून नव्हती.
न्हावी, सुतार, चार्लातानो:
फी भरायची, शिक्का घ्यायचा,
चौकात बाक मांडून ओरडायचं.

पण तिच्या कानात आधी गाव वाजलं.
चेर्रेतानो, म्हणजे आमच्याकडचा माणूस, एवढंच.
पणजा हिंडायचा इस्पितळासाठी दान मागत,
गळ्यात मोहरबंद कागद.
दहा नाण्यांतली दोन त्याची, हे ठरलेलं.
तिसरं, न ठरलेलं.
मग खालच्या मुलखातल्या लोकांनी
गावाच्या नावात बडबडीचा शब्द कालवला,
मलम कालवतात तसा, मंद आचेवर,
पिढ्यान् पिढ्या.
गाव विरघळलं.
बडबड वर तरंगली.

आणि पोम्पिलिओ तरी काय करायचा?
बाकावर चढायचा, गळ्यात साप (दात काढलेला),
म्हणायचा, तुर्कांच्या सुलतानाचा गुडघा मी बरा केला!
सुलतानाचा गुडघा इथं कोण बघायला येणार.
तो तापानं गेला तेव्हा
खरा वैद्य आला होता, काळ्या झग्यातला.
तीनदा रक्त काढलं, लॅटिनमध्ये.
बिल मात्र साध्या भाषेत होतं.

एक अक्षर बदलता येईल का, तिनं विचारलं.
आमच्या गावाचं तेवढं राहू द्या.
अक्षरं वर ठरतात, बाई. पुढचा!

दुपारी चौकात तिनं बाक मांडला.
भट्टीवाल्याचं पोर आलं, हात भाजलेला.
तिनं डबी उघडली, बोटानं पातळ थर दिला,
आणि हळूच, आईला तेवढंच ऐकू जाईल असं म्हणाली,
नऊ दिवस हात लावू नका. कातडं आपलं आपण येतं.
मग बाकावर चढली
आणि सुलतानाच्या गुडघ्यापासून सुरुवात केली.

बाकाचा एक पाय आखूड आहे.
त्याखाली ती
गेल्या वर्षीचा परवाना घडी करून ठेवते.