रात्री नऊची मोजणी

निबाल्दो सुटून आला त्याला आज सतरा दिवस.
मी खेकड्यांच्या कारखान्यातून येते
तेव्हा तो न्हाणीघरात झोपलेला असतो,
टबाला पाठ, दाराला पाय.
मोठ्या खोलीतल्या गादीवर एक सुरकुती नाही.
"तिथं भिंती फार लांब पडतात," म्हणतो.

पुंता अरेनासचा वारा अकरा वर्षांत बदललेला नाही.
कोपऱ्याकोपऱ्यावर माणसांना धरायला बांधलेले दोर
तेही तसेच.
तो दोर धरत नाही.
दोन्ही हात पाठीमागे घेऊन चालतो,
कुणी सांगितलेलं नसताना,
आणि वारा त्याला ढकलत भिंतीला नेऊन लावतो.

दवाखान्यात यास्नानं विचारलं,
"रात्री काय होतं?"
तो कितीतरी वेळ टेबलावरचा चहाचा डाग
नखानं खरवडत राहिला.
मला बाहेर जा म्हणाला नाही, म्हणून मी ऐकलं:
"नऊला मोजायचे.
तापात, बर्फात,
आई गेल्याचं कळलं त्या रात्रीसुद्धा.
मी एकशे बेचाळीस.
आता नऊ वाजतात
आणि मला कुणी मोजत नाही."

मला राग आला. खरं तेच सांगते.
अकरा वर्षं, महिन्याचा दुसरा रविवार,
साबणाच्या वड्या, साखर, लोकरीचे मोजे,
पहारेकऱ्यापुढे सगळं उलटं करून दाखवायचं.
मग मी काय करत होते?
मी कुणाच्या खिजगणतीत?

यास्नानं शहाणपण सांगितलं नाही.
गोळ्या लिहिल्या, मंगळवारच्या बैठकीची वेळ लिहिली,
खाली स्वतःचा नंबर.
"नऊला फोन करीन. नुसता मोजायला."

फोन वाजला तसा तो ताडकन उठला,
टाचा जुळवून, हनुवटी वर.
"किती?" पलीकडून.
"एकशे..."
थांबला.
पत्रा वाऱ्यानं थडथडत होता.
"एक," म्हणाला.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी मोरीशी, कोपरापर्यंत फेसात.
घसा खाकरून त्यानं दुरुस्ती केली:
"दोन."

झोपला मात्र न्हाणीघरातच.
मी बादली बाहेर काढून ठेवली,
त्याला पाय लांब करता यावेत म्हणून.