उणे दोन-तृतीयांश

खोलीतून कॅमेरा बाहेर आणला
की तो आधी आंधळा होतो.
एसीत गारठलेली काच, बाहेर सित्राची दमट रात्र,
भिंगावर वाफ धरते.
पुसायची नाही. पुसली की फरांटे पडतात.
दहा मिनिटं नुसतं थांबायचं.
तोवर लोकमान नळाखाली डोकं धरून
भांग पाडून येतो.

स्टोअरभाई, एक फोटू. घरी पाठवायचाय.

अंगात ड्युटीचंच जॅकेट. म्हटलं, बरा शर्ट घाल की.
नको, म्हणाला, कामावरचाच हवा,
पोरीला कळू दे बाप काय करतो.
पोर दोन वर्षांची. त्यानं ती पाहिलेली नाही.

पहिला काढला ऑटोवर.
फ्लॅश उडाला आणि पडद्यावर
दोन उभे, एक आडवा, चांदीचे पट्टे
ट्यूबलाइटसारखे पेटलेले.
वर चेहऱ्याच्या जागी काळं.
यंत्राचा हिशेब सरळ असतो:
सगळ्यात उजळ काय ते बघायचं,
त्याला सोसेल एवढाच झोत सोडायचा,
बाकीच्यांनी आपापलं बघावं.
पट्टे शिवलेतच त्यासाठी,
क्रेनवाल्याला रात्री माणूस दिसावा म्हणून.
माणूस दिसतो.
कोण, ते दिसत नाही.

मग चौकट वर घेतली, गळ्यापर्यंतच,
आणि मेनूत शोधून तो फ्लॅश लावला,
डोळे लाल होऊ न देणारा.
तो आधी लुकलुकतो, मग खरा पडतो.
लोकमान लुकलुकीला छान हसला,
झालं समजून सैल पडला,
आणि तेवढ्यात फोटो निघाला.

दोघांनी पाहिला.
पिठासारखा पांढरा उजेड, आणि त्यात
बारा तासांनंतरचं ते तोंड,
जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे रोज असतं ते.
हा नको, तो म्हणाला. काढून टाक.

वॉटर कूलरपाशी बादली भरत
दाभोळचा इलियास परकार सगळं बघत होता.
मेल्या, तो फ्लॅश बंद कर आधी.
येवढी आग जळते समोर, ती कुणाच्या बापाची?

खरंच की. रिफायनरीची मशाल,
कुंपणापलीकडे, रात्रभर चालू.
तिच्याकडे तोंड करून लोकमानला बसवला,
ड्रम पालथा घातला, त्यावर किलोभर तांदळाची पिशवी,
पिशवीवर कॅमेरा.
फ्लॅशच्या बाणावर काट.
राहिलं अधिक-उणेचं बटण.
सोडला तसा सोडला तर कॅमेरा
रात्रीचाही दिवस करू बघतो,
भिंत, वाळत घातलेल्या लुंग्या, सगळं भुरकट.
उणे एक-तृतीयांश. उणे दोन-तृतीयांश.
अपूर्णांकांनी मला सातवीत नापास केलं होतं,
इथे अंगठ्याखाली आपोआप सुटतात.
कमी घेतलं तर जास्त दिसतं,
असं मी नंतर बायकोला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, कमीच चाललंय सगळं,
कार्डावर किती मिनिटं उरलीत ते बघा.

श्वास धर, मी म्हटलं. एक सेकंद. हलू नको.
त्यानं धरला.
का कोण जाणे, परकारनंही धरला,
आणि नळ बंद केला.

आग फोटोत आली नाही, चेहऱ्यावर आली.
एक गाल केशरी, एक सावलीत,
पट्टे साधे राखाडी, कापडाचे असतात तसे.
मशाल मध्येच भडकली असावी,
डावा कान जरा दुहेरी उमटलाय.
लोकमान बराच वेळ बघत राहिला.
पोरगी विचारेल, अब्बा असे पिवळे का.
काय सांगशील?
सांगेन, चुलीपुढे बसलो होतो.

शुक्रवारी मनामाला जाऊन तीन प्रती काढल्या,
कान वगळून जमेल का, असं त्यानं दुकानात विचारलं.
जमलं नाही.

दुसरा फोटो अजून कार्डात आहे.
पुसायचं बटण मी दाबलं होतं,
पण कॅमेरा उलटून विचारतो, नक्की?
आणि बाण आधीपासूनच
'नाही'वर उभा असतो.