कोणती नाकपुडी?

एप्रिलनंतर इथे थेंब पडलेला नाही.
ऑगस्टात ब्राझिलियाच्या हवेला धार चढते,
रेडिओवाला सकाळी आकडा सांगतो, आर्द्रता बारा टक्के,
आणि ताग्वातिंगाच्या प्रत्येक दाराखालून
तांबडी धूळ घरात येते, न विचारता,
थकलेल्या भाड्यासारखी साचत जाते.

माझ्या जुसाराचा घोळणा फुटतो.
आधी उशीवर बटणाएवढा डाग,
मग वहीत, वजाबाकीच्या हातच्यावर,
परवा शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर असा ओघळ
की बाईंचा फोन आला, मी टँकर भरत होतो तेव्हा.

मी पाणी वाहतो. दहा हजार लिटर.
दुसऱ्यांच्या घरी.

शेजारचे ओस्मार म्हणाले, उलटा हात वर धरायचा.
त्यांच्या बायकोनं मानेवर गार किल्ली ठेवली.
दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं शिकवलं:
मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत,
दहा मिनिटं, घड्याळ बघून.
थांबलं.
‘पण पाऊस येईपर्यंत येत राहील,’ तो म्हणाला.
येऊच नये असं काहीतरी बघ, नेयदे म्हणाली.
नेयदे रात्रपाळीला असते.
पोरीची रात्र माझ्याकडे.

म्हणून दोना झुल्मीरा, बेकरीच्या वर, दुसरा जिना.
भिंतभर इवले खण, त्यांत शेकडो बाटल्या,
आणि खालून येणारा पावाचा वास.
कोणती नाकपुडी?
मी माझ्याच नाकाला हात लावला. आठवेना.
लालभडक की काळपट?
धावतं, की तार धरून लोंबतं?
तोंड धुताना, झोपेत, की रडून झाल्यावर?
गार पाणी मागते?
अंधाराला भिते? विजांना?
‘विजांचं कसं सांगू,’ म्हटलं, ‘एप्रिलपासून एक चमकली नाही.’
त्या हसल्या नाहीत. तेवढंही लिहून घेतलं.

मला टँकरचं विचारा ना,
तिसऱ्या गिअरला तो कुठल्या चढावर खोकतो,
कुठला बोल्ट रडतो, कुठला नुसता कुरकुरतो.
पोर सात वर्षांची,
आणि मी छताकडे बघत बसलेलो.

मग जुसाराच बोलली, पाय हलवत:
‘डावी. नेहमी डावीच.
लाल, पितांगाच्या फळासारखं.
गार पाणी आवडतं, पण रात्री मागत नाही,
कारण मातीचा फिल्टर स्वयंपाकघरात आहे
आणि बोळात कुणीतरी उभं असतं.’
कोण गं?
‘बाबांचा रेनकोट. दिवसा.’

अर्निकाची बाटली पुन्हा खणात गेली.
हॅमामेलिसवर बोट जरा रेंगाळलं.
शेवटी फॉस्फरस.
काड्यापेटीतलं? मी दचकलो.
‘तेच, पण फार पातळ केलेलं.’
मनातल्या मनात हिशेब केला:
माझ्या टँकरात एक थेंब,
त्या टँकरातला थेंब पुढच्या टँकरात,
मग त्याच्या पुढच्या, सारं शहर ओलांडून.
पाणीवाल्याला पाणी कळतं. बोललो नाही.
त्यांनी पुडीवर ठळक लिहिलं:
वीस मिनिटांत न थांबल्यास, अंगावर निळे डाग दिसल्यास
सरळ हॉस्पिटल, माझ्याकडे नाही.

त्या रात्री चार गोड गोळ्या जिभेवर.
खिडकीखाली परात भरून पाणी, खुर्चीवर ओला टॉवेल,
उशाशी पेला, झाकलेला.
रेनकोट खिळ्यावरून काढला,
खिशात एप्रिलचं तिकीट निघालं, लगदा होऊन वाळलेलं.
घडी घालून कपाटावर टाकला.

नऊ दिवस उशी कोरी आहे.
नेयदे विचारते, कशानं?
मी खांदे उडवतो.
परात रोज थोडी उतरते, मी रोज भरतो.
पेला सकाळी कधी अर्धा असतो, कधी रिकामा.

दोन वाजता उठून बघतो हल्ली:
उजव्या कुशीवर झोपते,
एक पाय चादरीबाहेर, ओठ किंचित उघडे,
दात न खाता.
कुणी विचारलंच तर.