एकूण पाच

सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा, खोली नंबर अकरा.
नांदेडहून शिकायला आलेली डॉक्टर
फॉर्मवर पेन टेकवून म्हणते,
बाबांना विचारा,
गेल्या दोन आठवड्यांत ऐकू न आल्यामुळे
जगण्यात किती अडचण आली?
शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे सोसवत नाही.

मी विचारते. म्हणजे ओरडते.
आधी मराठीत, मग घरच्या तेलुगूत.
बाकांवरची सगळी माणसं वळून बघतात,
नायना सोडून.

सुन्ना, म्हणतात ते. शून्य.
चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो? सुन्ना.
लग्नकार्याला जाणं टाळता? सुन्ना.
एकटं वाटतं?
इथे जरा थांबतात,
बाहीवरचा सुताचा तंतू चिमटीत धरून काढतात.
सुन्ना.

डॉक्टर माझ्याकडे बघते.
इतका सुखी माणूस तिच्या प्रबंधात बसत नाही.

कसं सांगू तिला,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एका पत्र्याखाली चोवीस माग,
तिथे कुणालाच ऐकू येत नाही.
धागा तुटला तर दोन बोटं,
मालक आला तर मिशीवरून अंगठा,
चहा म्हणजे ओठांचा चंबू.
एकतीस वर्षं नायनांनी
याच भाषेत भांडणं केली, चहाड्या केल्या,
बालराज कुरापाटीच्या मुलीचं लग्न जमवलं,
एकदा तर संपसुद्धा.

अडचण सुटीच्या दिवशी.
माग बंद असतो
आणि यांच्या कानात चालू.
रात्री अडीचला उठून बसतात,
बघ गं, कुणीतरी बंद करायचा विसरलंय.
पंखा बघतात, नळ बघतात,
मग तांब्या तोंडाला लावून पाणी पितात आणि म्हणतात,
नुसताच चालतो.
वीतभर टॉवेल निघत नाही त्यातून.

हे मी डॉक्टरला सांगितलं.
कानातल्या आवाजाचा फॉर्म वेगळा असतो, म्हणाली,
तो पुढच्या वेळी.
टॉवेलबद्दल काही म्हणाली नाही.

शेजारी लक्ष्मव्वा, विडी घरकुलातली,
नाकाचा फॉर्म भरून मोकळी झालीय.
तीन वर्षं तिला वास नाही.
सुपातली तंबाखू माती झाली,
चटणीच्या शेंगा करपल्या की सून धावत येते,
नातू झाला, त्याची टाळू हुंगली,
नुसती ऊब आली म्हणते.
तिने चार दिलेत.
पाच का नाही, तर
राहू दे की एक, म्हातारपण यायचंय अजून.

मग एकोणिसावा प्रश्न.
तुमच्यामुळे घरच्यांना त्रास होतो असं वाटतं का?

हा मी ओरडले नाही.
समोर जाऊन उकिडवी बसले,
ओठ हलवले, बोटं हलवली,
डबा घेऊन कारखान्यात जायची तेव्हा शिकले होते तेवढंच.
ते बघत राहिले.

मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसते.
लोक म्हणतात, मॅडम, भांडता का?
बघायला आलेले सिकंदराबादचे पाहुणे
चहा संपायच्या आत म्हणाले, मुलीचा आवाज...
आणि बशी खाली ठेवली.
मला हळू बोलता येत नाही आता,
देवापुढेसुद्धा.
हे नायनांना ठाऊक नसेल
असं मी धरून चालले होते.

त्यांनी पेन मागितलं.
आकडा तोंडी सांगितला तरी चालेल, डॉक्टर म्हणाली.
त्यांनी पेन घेतलंच.
पाच लिहिला, पाटीवर काढावा तसा, चौकटीबाहेर जाणारा.
त्याला गोल केला.
त्या गोलावरून पुन्हा एकदा.

डॉक्टरनं बेरीज केली.
एकूण पाच, शंभरापैकी.
अगदीच सौम्य आहे हो, म्हणाली
आणि फॉर्म गठ्ठ्यात सरकवला.

बाहेर ऊन, उसाच्या रसाची गाडी, रिक्षा.
अशोक चौक, म्हटलं मी,
उगाच, जमतंय का बघायला, हळू.
काय? रिक्षावाला म्हणाला.

नायनांनी माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली.
अशोक चौक येईपर्यंत
उचलली नाहीत.