शेरा

जलशास्त्राची पदवी कुठे आहे, आता आठवत नाही.
वही मात्र आहे, वरच्या फळीवर,
जोंजोलीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे,
पाण्याने फुगलेली, निळ्या पुठ्ठ्याची:
तारीख, ठिकाण, पात्राची रुंदी, वेग,
आणि अगदी कडेला, बोटभर रकाना: शेरा.

त्बिलिसीत तेव्हा वीज दिवसातून दोन तास यायची,
कोणते दोन, ते तिचं तिलाच ठाऊक.
वर्गात आम्ही हातमोजे घालून लिहायचो.
गुराम सर रॉकेलच्या स्टोव्हला पाठ लावून म्हणायचे,
"फळ्यावरची नदी वाहत नाही, पोरांनो. बाहेर पडा."
खरं तर स्टोव्हभोवती जागाच चौघांपुरती होती.

मग झुगदिदीची रात्रगाडी.
खिडकीला काचेच्या जागी फळी ठोकलेली,
तिकिटाच्या जागी अर्धा शोती पाव, टीसीच्या हातात गरम.
जागा मिळावी म्हणून मालखाझ
क्षय झाल्यासारखा खोकायचा,
डबा रिकामा व्हायचा, आम्ही पाय पसरायचो.
नेस्तान झोपत नसे. अंधारात
रुळांच्या खडखडाटावरून स्टेशनं ओळखायची
आणि निम्मी चुकवायची.

एंगुरीला मिळणाऱ्या त्या ओढ्यावर
वेगमापक बिघडलं होतं
(की विकलं होतं; कोणी विचारलं नाही).
वरून बादरी मंदारिन सोडायचा,
खाली मी, वडिलांचं घड्याळ धरून.
पन्नास पावलं. एकवीस सेकंद.
गुडघाभर बर्फाळ पाण्यात नेस्तान, फळं अडवायला.
अडवलेलं सोलून तिथंच खायची
आणि शेऱ्यात लिहायची:
"आंबट. पण वेळेवर आलं."

तुशेतीला मेंढ्यांच्या ट्रकमधून.
शेरा: "ड्रायव्हर दर वळणावर क्रुसाची खूण करतो.
वळणं मोजणं सोडलं. त्याचे हात मोजतोय."

स्वानेतीतल्या दारेजान आजींनी
कागदाच्या पुडीत लसूण घातलेलं मीठ दिलं,
आमच्या दोऱ्या, काठ्या, वह्या बघत म्हणाल्या,
"मोजल्याने नदी वाढते का रे?"
त्या दिवसाचा रकाना कोरा आहे.

येताना सुरामीला, रस्त्याकडेच्या भट्टीवर
एकच नाझुकी, चौघांत.
बेदाण्यांवरून भांडण. अगदी खरं भांडण,
खाशुरीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

बादरी आता बँकेत आहे, कर्ज नाकारतो, हळुवारपणे.
मालखाझचं खोकल्याचं सोंग पुढे खरं निघालं.
मार्च होता. स्मशानातून परतताना
बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामीच राहिली,
आणि या वेळी ती कोणी पळवून लावलेली नव्हती.

नेस्तान थेसालोनिकीत, एका म्हातारीला सांभाळते.
रविवारी फोन करते.
"बाल्कनी अकरा पावलं," ती सांगते,
"चार मिनिटं वीस सेकंद. आज जरा वेगात होत्या."
मी तिला नव्या रस्त्याचं सांगतो:
घाट आता लागतच नाही,
बोगद्यात शिरतो आणि रेडिओची खरखर थांबेतो पलीकडे.
"मग शेऱ्यात काय लिहिलंस?" ती विचारते.
मी म्हणतो, वही कधीच हरवली.
का म्हणतो, कोण जाणे.

फोन ठेवून स्टुलावर चढलो, बरण्या सरकवल्या.
शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात एक नोंद,
मी कधी वाचलीच नव्हती:
ठिकाण: रिकोती घाट, बस बंद, हिमवर्षाव.
रुंदी: चौघं, एक घोंगडी.
वेग: शून्य.
शेरा: "सगळे झोपलेत. इंजिन सुरू झालं
तर ड्रायव्हरला मीच सांगेन,
जरा थांबा."

पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे.
तो लोणच्याचा, माझा, अलीकडचा.