अजून मोजायलंय

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापाशी,
बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस.
रात्रीचे पावणेअकरा. खालून टोस्टचा वास.
दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी मांडून
मी पुसायला बसलेय.

पुसायचं म्हणजे खऱ्यात नाही.
निपाणीच्या एका पतसंस्थेची ही नक्कल,
विड्या वळणाऱ्या बायकांची एकतीस हजार खाती
गेल्या रविवारी उतरवून घेतलेली.
इथं काही मोडलं तरी कुणाचा रुपया हलत नाही,
असं इराण्णा म्हणतो.
इराण्णा सगळंच असं म्हणतो.

डाव्या खिडकीत व्याजाची बेरीज सोडली,
मुद्दाम संथ, प्रत्येक ओळीपाशी दम खाणारी.
ती चालू असतानाच उजवीकडं
खाते चार हजार एकशे सतरा,
लगमव्वा सत्याप्पा हंचिनाळे:
डिलीट. कमिट.
एक ओळ गेली, म्हणालं यंत्र,
दुकानदारानं सुटे परत द्यावेत तसं.

डावी खिडकी मात्र तिला धरूनच मोजते.
मोजायला बसली तेव्हा लगमव्वा होती,
तेव्हा बेरीज संपेतोवर आहे.
हे बरोबरच आहे. असंच व्हायला पाहिजे.
वहीत लिहिलं: पास.

ओळ परत आणली. पुन्हा पुसली,
पण कमिट न करता हात आखडता ठेवला
आणि तिसऱ्या खिडकीतून
त्याच खात्यात वीस रुपये भरले.
वीस रुपये थांबले.
गेट पडलंय, गाडी दिसत नाही,
दूधवाला स्कूटर बंद करून एका पायावर उभा,
हॉर्न कुणीच वाजवत नाही,
वाजवून काय उपयोग?
मी उजवीकडं कमिट म्हटलं. गेट उघडलं.
वीस रुपये पलीकडं पोचले
आणि पलीकडं घरच नव्हतं.
'शून्य ओळी बदलल्या.'
एरर नाही, तांबडं अक्षर नाही.
पैसे आले आणि कुणी दार उघडलं नाही,
एवढंच, शांतपणे.
वहीत लिहिलं: नापास. खाली दोन रेघा.

तिला पुसायचं कारण यादीत आहे.
चार हजार एकशे सतरा, लगमव्वा, कन्नड फॉर्मवरून.
नऊ हजार बत्तीस, लक्ष्मीबाई, मराठी फॉर्मवरून.
तीच गल्ली, तोच नवरा, तोच अंगठा.
एक बाई दोनदा. शिल्लक कमी ते खातं काढा.
दोनशे बारा रुपये पलीकडं वळते करा,
काम खलास.

दुपारी निपाणीच्या शाखेत फोन लावला होता,
सहज, स्पेलिंग विचारायला.
क्लार्क म्हणाला, बाई इथंच बसलीय, बोला.
मागं पानं कातरल्यासारखा आवाज,
का पंख्याचाच असेल.
'दोन्ही मीच की,' ती म्हणाली.
'एकात घरचं. एकात लेकीचं.
घरच्यातलं मालक मागून नेत्यात.
दुसऱ्या नावाचं त्यास्नी ठावं न्हाई.'
मग जरा थांबून, 'तुम्ही कुणाला सांगू नगा.'

हे कुठल्या रकान्यात भरू?

पुसलेली ओळ लगेच जात नाही खरं तर.
तिच्यावर नुसती खूण पडते,
मागाहून झाडणारा येतो आणि जागा मोकळी करतो.
पण जुनं बघणारं कुणी एक जरी जागं असलं
तर त्याला झाडू थांबवावा लागतो.
हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं,
चार मार्कांना.

उद्या सकाळी साडेनऊला खऱ्यावर चालवायचंय.
यादीतल्या चार हजार एकशे सतरापुढं
मी पेनानं लिहिलं: 'दोन वेगळी खाती. काढू नये.'
कारणाची जागा कोरी ठेवली.
इराण्णा विचारेल.
विचारू दे.

फोन थरथरला. त्याचाच.
'झालं काय गं? बंद कर आणि जा घरी.'
डावीकडं बेरीज अजून सरकतेय,
एकतीस हजारांतल्या कुठल्याशा गल्लीत.
खाली बेकरीवाल्यानं अर्धं शटर ओढलं.

लिहिलं: अजून मोजायलंय.